कुत्रा समुद्रावर नेताना
कोकणात वाडीच्या राखणीला आपल्यापैकी काहींच्या घरी कुत्रा असतो. शेती, गुरे आणि शिकारीसाठी तो पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे. मुले त्याला समुद्रावर नेतात, तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवू या. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मजहबात ओला कुत्रा अंगाला किंवा कपड्याला लागला, तर ती जागा सात वेळा, त्यांतून एकदा माती मिसळलेल्या पाण्याने धुवावी लागते. म्हणून नमाजचे कपडे वेगळे ठेवावेत. खारे पाणी त्याला बाधते. त्याच्यासाठी गोडे पाणी आणि वेगळे भांडे न्यावे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, असे बुखारी शरीफमध्ये आहे. वेळास, आंजर्ले येथे कासवांच्या विणीच्या दिवसांत त्याला साखळीनेच धरावे. कुत्रे वाळूतली अंडी उकरतात.