रोजंदारीवरचा मिडफिल्डर

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण मेस्सी आणि रोनाल्डो यांच्याबद्दल मी बोलणार नाही. त्यांच्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. मला बोलायचं आहे ते व्यावसायिक फुटबॉलमधल्या बहुसंख्य माणसांबद्दल. यांचं नाव पोस्टरवर येत नाही, पण सामना भरायला बावीस खेळाडू लागतात आणि त्यातले बरेचसे हेच असतात.

इंग्रजीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून भटका खेळाडू. मुळात तसं नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा संबंध दिवसाशी, दिवसभराच्या कामाशी आहे. युरोपातल्या जुन्या कारागीर-संघांत तीन पायऱ्या असायच्या: आधी शिकाऊ उमेदवार, मग रोजावर काम करणारा तयार कारागीर, आणि शेवटी स्वतःचं दुकान असलेला उस्ताद. मधला तो जर्नीमन. हात तयार आहे, पण दुकान दुसऱ्याचं. आपल्याकडे रोजंदारी म्हणतात, तेच. हा अर्थ लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

आता एक खरी कारकीर्द घेऊ. रोहन रिकेट्स. जन्म १९८२, लंडन. मिडफिल्डर. आर्सेनलच्या युवा संघात घडलेला. तिथल्या मुख्य संघाकडून तो एकदाच मैदानात उतरला, २००१ मध्ये लीग कपात, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, तोही बदली खेळाडू म्हणून. २००२ मध्ये तो टॉटनहॅमला गेला. तिथे प्रीमियर लीगचे तीसेक सामने त्याला मिळाले. म्हणजे बघा, हा काही कच्चा खेळाडू नव्हता. जगातल्या सगळ्यात कठीण लीगमध्ये तो खेळलेला होता.

मग काय झालं? आधी कॉव्हेंट्रीला उसना, मग वूल्व्हरहॅम्प्टनला उसना, मग तिथेच कायम. हे दोन्ही क्लब तेव्हा दुसऱ्या स्तरावर होते. तिथून क्वीन्स पार्क रेंजर्सला उसना, मग बार्न्सली. २००८ मध्ये थेट कॅनडा, टोरंटो. त्यानंतर हंगेरीत डिओश्ग्योर, मोल्डोव्हात डाचिया किशिनाऊ, जर्मनीत चौथ्या स्तरावरचा विल्हेल्म्सहाफेन, आयर्लंडमध्ये शॅमरॉक रोव्हर्स, परत इंग्लंडमध्ये एक्सेटर. आणि २०१२ मध्ये आपल्या शेजारी, गोव्यात, डेम्पो! पुढे इक्वेडोर, थायलंड, हाँगकाँग, बांगलादेश. नकाशा घेऊन बसलात तर बोट दुखेल.

यात एक गंमत आहे. २०११ मध्ये शॅमरॉक रोव्हर्स हा युरोपा लीगच्या गटसाखळीत पोहोचलेला पहिला आयरिश क्लब ठरला, आणि त्याच गटात होता टॉटनहॅम. म्हणजे आपल्या जुन्या मालकासमोर तो दुसऱ्याचा कामगार म्हणून उभा. रोजंदारीत असं होतं.

आता प्रश्न असा, की हे फिरणं कशामुळे होतं? लोक पटकन म्हणतात, ‘दम नसेल.’ एवढं सोपं नाही. तीन कारणं सांगतो.

पहिलं कारण जागेचं. स्ट्रायकरची किंमत गोलांत मोजता येते. गोलकीपरचंही काम डोळ्यांना दिसतं. मिडफिल्डरचं तसं नाही. चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं, योग्य माणसाला द्यायचा, आणि चेंडू गेला की मागे पळून जागा झाकायची. हे काम शेजारच्या दोघांशी सूर जुळल्याशिवाय होत नाही, आणि सूर जुळायला वेळ लागतो. रोजंदारीवाल्याला मिळत नाही तो नेमका वेळच. नवा देश, नवी भाषा, नवा प्रशिक्षक, आणि सहा सामन्यांत निकाल दाखवा म्हणतात. शिवाय बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते. रिकेट्स आला तेव्हा आय-लीगमध्ये चार परदेशी चालायचे, त्यातला एक आशियाई. अशी मोजकी जागा असली की क्लब आधी गोल करणारा शोधतो, मग गोल अडवणारा. मधल्याचा नंबर शेवटी.

दुसरं कारण कायद्याचं. १९९५ पूर्वी युरोपात करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबकडे पैसे मागू शकायचा. पैसे नाहीत, तर खेळाडू अडकला. हे मोडलं जाँ-मार्क बोसमननं. हाही मिडफिल्डर, बेल्जियमच्या लिएज क्लबचा. १९९० मध्ये करार संपल्यावर क्लबनं नवा करार देऊ केला तो आधीच्या पगाराच्या चौथाईवर. त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं, ते जमू दिलं नाही. तो कोर्टात गेला, आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा. निकाल लागेपर्यंत त्याची स्वतःची उमेदीची वर्षं संपली होती. त्याच्या निकालावर मोठे झाले ते मोठे खेळाडू. मधल्या फळीतल्या माणसाला दार उघडं मिळालं खरं, पण दार दोन्ही बाजूंनी उघडतं. त्याला जाता येतं, तसं क्लबलाही त्याला सहज जाऊ देता येतं.

याला जोडून वयाचा मुद्दा आहे. फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडू तेविशीच्या आत दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांना भरपाई द्यावी लागते. मघाशी मी विल्हेल्म्सहाफेनचं नाव घेतलं. या छोट्या क्लबनं २००७ मध्ये अर्जेंटिनात घडलेला एक तरुण घेतला. फिफानं तिथल्या दोन क्लबांना दीड लाखाहून अधिक युरो द्यायला सांगितलं. क्लबनं दिले नाहीत, तर गुण कापले, शेवटी खालच्या लीगमध्ये ढकललं. २०१६ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ते ढकलणं बेकायदा ठरवलं. यातून काय दिसतं? पंचविशी-तिशीतला, करार संपलेला खेळाडू छोट्या क्लबला परवडतो. त्याच्यावर भरपाई नाही, बदलीशुल्क नाही. म्हणून तो सहज विकत घेतला जातो आणि तितक्याच सहज सोडला जातो.

तिसरं कारण पैशाचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फिफप्रो ही खेळाडूंची जागतिक संघटना. तिनं २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळजवळ १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ४५ टक्के खेळाडू महिन्याला एक हजार डॉलरपेक्षा कमी मिळवत होते. ४१ टक्क्यांना आधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी पगार उशिरा मिळाला होता. कराराची सरासरी मुदत दोन वर्षांपेक्षाही कमी होती.

आपल्याकडे बदलीची नोकरी म्हणतात. बँकेतला माणूस नांदेडहून रत्नागिरीला जातो, पण पगार एक तारखेला येतो, मागे पीएफ असतो. इथे बदली आहे, एक तारीख नाही. पगार थकला तर खेळाडूनं काय करायचं? निघून गेला तर करार मोडल्याचा ठपका त्याच्यावरच यायचा. २०१८ मध्ये फिफानं नियम स्पष्ट केला: दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी कळवायचं, पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही दिला नाही तर खेळाडू योग्य कारणानं करार संपवू शकतो. चांगला नियम आहे. पण दाद मागेपर्यंत घरभाडं कोणी भरायचं, हे नियमात नाही.

आता गोव्याकडे येऊ. रिकेट्स आला तेव्हा डेम्पो भारताचा विजेता संघ होता. राष्ट्रीय लीगचं विजेतेपद त्यांनी पाच वेळा जिंकलं होतं. त्याच क्लबात क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याचे मिडफिल्डर वर्षानुवर्षं खेळले. आपलं गाव, आपली भाषा, ओळखीचे प्रेक्षक. तिथे सूर जुळायला वेळ होता. तुम्हाला वाटेल, म्हणजे फिरू नये, एका जागी राहावं. पण २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघ बंदच झाला. तुम्ही जागा सोडली नाहीत, तरी जागाच उठून जाते. त्या दिवशी घरचा खेळाडूही रोजंदारीवर येतो.

म्हणून ‘सतरा ठिकाणी फिरला म्हणजे फसला’ असा हिशोब मला मान्य नाही. एका माणसाला चार खंडांतल्या क्लबांनी कामावर घेतलं, याचा अर्थ त्याच्या हातात कसब होतं. ते कसब टिकवायला लागते ती शिस्त वेगळीच असते. करार नसताना एकट्यानं सराव, दुखापत झाली की आधी वैद्यकीय खर्च कोणाचा हे विचारणं, आणि प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ करणं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलगा सोळा वर्षांचा आहे, चांगला खेळतो, पाठवावं का?’ पाठवा. पण सही करण्याआधी करार कोणाकडून तरी वाचून घ्या. मुदत किती, पगार कोणत्या तारखेला, दुखापतीत काय, क्लब बंद झाला तर काय, या चार ओळी शोधा. सापडल्या नाहीत तर विचारा. आणि त्याचं शिक्षण बंद करू नका. कारकीर्द पस्तिशीला संपते. पुढची तीस वर्षं काम करायचंच असतं. बाकी खेळाचं तो बघेल, कागदाचं तुम्ही बघा.