घड्याळाच्या पट्ट्याचे माप

आमच्या वडिलांचे चावीचे मनगटी घड्याळ त्यांच्या पश्चात आमच्या हाती आले. त्याचा पट्टा जीर्ण झाला होता. आम्ही नजरेनेच अंदाज केला आणि दुकानात ‘पाऊण इंचाचा पट्टा द्या’ असे सांगितले. मिळालेला पट्टा १८ मिलिमीटरचा होता. आठवड्याभरातच फळ्यावर लिहिताना हाताला हिसका बसला, घड्याळ फरशीवर पडले आणि आतील तोलचक्राचा आस मोडला. दोष दुकानदाराचा नव्हता. न मोजता बोलणाऱ्या आमचा होता. म्हणून ही साधीच रीत विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहोत.

पट्ट्याची रुंदी तबकडीच्या आकारावरून ठरत नाही. घड्याळाच्या वरच्या व खालच्या बाजूस दोन दोन टोके पुढे आलेली असतात. त्यांस आपण शिंगे म्हणू. दोन शिंगांमधील मोकळे अंतर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, हेच पट्ट्याचे माप होय. या अंतरात स्प्रिंगची बारीक दांडी बसते. तिची टोके शिंगांच्या भोकांत शिरतात व पट्टा धरून ठेवतात. पुरुषांच्या घड्याळांत १८, २० व २२ मिलिमीटर ही मापे नेहमी आढळतात. पाऊण इंच म्हणजे मात्र १९.०५ मिलिमीटर! आमच्या घड्याळाचे अंतर मागाहून मोजले, ते २० भरले. दोन मिलिमीटरनी आखूड असलेली दांडी भोकांत पुरती शिरलीच नव्हती.

जुन्या पट्ट्याच्या रुंदीवर विसंबू नये. चामडे वापराने झिजते व आक्रसते. फूटपट्टीचे शून्याकडील टोक बहुधा झिजलेले असते, म्हणून १० मिलिमीटरच्या रेघेपासून मोजावे व आलेल्या आकड्यातून १० वजा करावेत. डोळा रेघेच्या अगदी समोर धरावा. तिरपे पाहिल्यास माप चुकते. प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरचे वरचे लहान जबडे अशा आतील अंतरासाठीच असतात. त्यांनी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप कळते.

लांबीसाठी जुन्या पट्ट्याचे दोन्ही तुकडे निरनिराळे मोजावेत; बक्कल त्यात धरू नये. नवा पट्टा बांधल्यावर बक्कलाचा काटा मधल्या भोकांपैकी एकात यावा आणि पट्ट्याखाली करंगळी शिरावी.

वडिलांचे घड्याळ अखेर दुरुस्त झाले. परंतु त्या जुन्या घड्याळास जुळणारा आस मिळेपर्यंत चार महिने ते मुकेच होते. आता त्यास २० मिलिमीटरचा पट्टा आहे.