पौंड घसरला, पाटल्या गेल्या

सोलापुरात १९३० म्हटलं की मार्शल लॉ आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. ८ मेचा गोळीबार, १२ मेपासूनचा लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. त्याच सुमारास या जिल्ह्याच्या घराघरांवर आणखी एक घाला पडत होता. त्याची नोंद शहराच्या आठवणीत फारशी नाही, कारण तो बंदुकीतून आला नाही. तो आला व्हिएन्नाच्या एका बँकेतून.

पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर विजेत्यांनी १३२ अब्ज सुवर्णमार्कांची भरपाई लादली. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराच्या बचतीत पावही मिळेना. पुढची काही वर्षं अमेरिकन कर्जावर मध्य युरोप तगला. १९२९ नंतर तो ओघ आटला. ११ मे १९३१ रोजी ऑस्ट्रियातली सगळ्यात मोठी बँक, क्रेडिटअनस्टाल्ट, हिनं प्रचंड तोटा जाहीर केला. जुलैत जर्मन बँकांची दारं बंद झाली. मग धास्तावलेल्या ठेवीदारांनी लंडनमधून पैसा उचलला आणि २१ सप्टेंबरला ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. त्या दिवशी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच होते.

आता रुपयाचं काय? १९२७ पासून तो १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता. युद्धाआधीचा दर १ शिलिंग ४ पेन्स होता, आणि तोच ठेवा असं पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडून बजावलं होतं. महाग रुपयामुळे परदेशी कापड स्वस्त पडे आणि आपल्या शेतमालाचे भाव दबत. १९३१ मध्ये रुपया पौंडापासून मोकळा करावा, असं खुद्द दिल्लीच्या सरकारला वाटत होतं. लंडननं ते मोडून काढलं. पौंड घसरला, त्याच्याबरोबर रुपयाही घसरला, आणि कायद्यानं तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरलेलं सोनं बाजारात भराभर चढलं.

इथे खरी मेख आहे. मंदीत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते. सारा मात्र रोखीनं आणि पूर्वीइतकाच. सावकाराचं व्याजही तेच. म्हणजे जे देणं दहा पोती ज्वारीत फिटायचं, त्याला आता वीस पोती लागत. पावसाचा भरवसा नसलेल्या सोलापूरसारख्या मुलखात ती वीस पोती आणायची कुठून? कर्जाला दुसरं कुणी उभं करत नव्हतं. उरलं होतं ते बायकांच्या अंगावरचं.

भाव चढला म्हणून लोक खुशीनं सोनं विकताहेत, असं सरकारचं म्हणणं होतं. काही व्यापाऱ्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण ज्या घरात पाटल्या, ठुशी, सरी म्हणजेच दुष्काळाची तरतूद आणि बाईचं हक्काचं धन, तिथे या विक्रीला खुशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सराफाकडून मुंबईला, मुंबईहून बोटीनं लंडनला असं पुढच्या काही वर्षांत ३०० कोटी रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सोनं देशाबाहेर गेलं. त्यानं ब्रिटनचा पौंड सावरला. निर्यात थांबवा, असं काँग्रेस आणि व्यापारी संघटना सांगत राहिल्या. सरकारनं ती थांबवली नाही.

गिरणगावाचीही सुटका नव्हती. डिसेंबर १९३१ मध्ये जपाननंही येन सोन्यापासून सोडवला आणि स्वस्त जपानी कापड बाजारात घुसलं. गिरण्यांनी तोटा मजुरीतून कापायला सुरुवात केली. १८७७ पासून भोंग्यावर चाललेल्या या शहरात १९३४ साली वेतनकपातीविरुद्ध संप झाला.

शेतकऱ्याला कर्जातून सोडवणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा; तोवर दागिने कधीच वितळले होते. त्यांचा हिशेब ना लंडनच्या आकड्यांत नावानिशी सापडतो, ना इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत. सापडलाच तर जुन्या सराफी पेढ्यांच्या लाल बासनातल्या वह्यांत, १९३१ ते १९३५ च्या पानांवर सापडेल. ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे द्याव्यात, नाहीतर निदान पानांचे फोटो तरी काढून ठेवावेत.