बंदुकीची निगा : फौजी शिस्तीचा वारसा आणि घराची जबाबदारी

करकंब हे आमच्या पंढरपूर तालुक्यातील बाजाराचे मोठे गाव. याच तालुक्यातून भीमा वाहते आणि पंढरपुरात तिला चंद्रभागा म्हणतात. हीच भीमा वरच्या अंगाला पुणे जिल्ह्यातील कोरेगावाजवळून येते. तिथे १ जानेवारी १८१८ रोजी आपल्या पूर्वजांनी दिवसभर अन्नपाण्यावाचून झुंज दिली. त्या विजयस्तंभाला आपण दरवर्षी मानवंदना देतो. परंतु त्या शूरांच्या हातातील बंदूक दिवसभर चालली कशी, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

त्या काळची बंदूक चकमकीची होती. नळीत दारू ठासायची, वरून गोळी ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीने बार उडवायचा. काही बार झाले की दारूची काजळी नळीत साचे, ठिणगी आत नेणारे बारीक छिद्र बुजे आणि बंदूक मुकी होई. म्हणून त्या छिद्रात तार घालून ते मोकळे ठेवणे, नळी पुसणे आणि दारू कोरडी राखणे हे शिपायाचे रोजचे काम असे. शौर्याला निगेची जोड नसेल तर शौर्य ऐन वेळी उघडे पडते.

बांधवांनो, हा इतिहास आम्ही उगाच उगाळत नाही. ज्या हातांचा स्पर्श गावाला विटाळ वाटत होता, त्याच हातांत पलटणीने हत्यार दिले आणि ते लख्ख ठेवण्याची शिस्त लावली. त्या नोकरीने शाळा दिली, पेन्शन दिली, ताठ मान दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी याच फौजेतले. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. तिच्याविरुद्ध निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, परंतु युद्ध संपल्यावर तीही मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगनच्या जोडीला आधी कोरेगावचा स्तंभ होता, पुढे खंजीर आला.

ही व्हिकर्स गन मोठी खाष्ट. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवतीच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे. २५० गोळ्यांचा कापडी पट्टा ओला झाला की अडके. .३०३ च्या काडतुसाच्या टोपीतून नळीत एक प्रकारचे मीठ राही. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. तेलात ते विरघळत नाही. म्हणून गोळीबारानंतर नळीत आधी उकळते पाणी ओतायचे, मग कोरडी चिंदी फिरवायची आणि शेवटी तेल लावायचे, असा क्रम होता. रायफलीच्या दस्त्यातच तेलाची कुपी आणि चिंदी ओढायची दोरी ठेवायला पितळी झाकणाची खोबण असे.

आज आपले कित्येक निवृत्त जवान बँकेत, साखर कारखान्यावर किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी म्हणून उभे राहतात. त्यांच्याजवळ परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक असते. ती गंजली, अडकली, तर नोकरीवर गदा येते. ती भरलेली राहिली तर घरातील लेकराच्या जिवावर बेतते. म्हणून हे चार शब्द जवानांसाठी, तसेच घरातील मायभगिनींसाठीही.

साफसफाईचा क्रम

पहिली गोष्ट, बंदूक रिकामी आहे हे तोंडाने नव्हे, डोळ्यांनी ठरवावे. बंदूक मोडून दोन्ही नळ्यांत पाहावे, बोट घालून चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. साफसफाईच्या वेळी लेकरे आणि गप्पा दोन्ही दूर असावीत. नळीचे तोंड कोणाही माणसाकडे करू नये.

नळी वेगळी करून काडतूस घालण्याच्या बाजूने गज घालावा. आधी साफ करण्याचे द्रव लावून पितळी ब्रश फिरवावा, मग सुती चिंदी. चिंदी काळी निघेल तोवर बदलत राहावी. पांढरी निघाली की तेलाचा हलका हात द्यावा. बिजागरीला किंचित ग्रीस पुरते. बाहेरच्या लोखंडावरून तेलकट फडके फिरवावे, कारण हाताच्या घामातही मीठ असते.

जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असे नव्हे. सोलापूरच्या धुळीत जादा तेलाचा चिकट चिखल होतो आणि तो लोखंड खातो. ओघळलेले तेल दस्त्याच्या लाकडात मुरून लाकूड कुजवते. खोबरेल किंवा गोडे तेल तर वापरूच नये, ते सुकून डिंकासारखे होते. रॉकेलने मळ निघतो, पण लोखंडाला संरक्षण राहत नाही. कातडी किंवा कापडी म्यानात बंदूक महिनोन्महिने ठेवू नये, आत ओलावा कोंडतो. पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून पाहावे. कामावर नेण्यापूर्वी कोरडी चिंदी फिरवून नळीतले तेल काढावे. बिघाड झाला तर घरी ठोकाठोक न करता परवानाधारक कारागिराकडे जावे.

बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या जबाबदार हातात असाव्यात. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर साफ करून, तेल लावून द्यावी आणि पावती जपावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ती संपण्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. परवाना नसलेल्याच्या हाती बंदूक देऊ नये, मग तो सख्खा मुलगा का असेना. लग्नाच्या वरातीत बार काढणे हा तर निव्वळ मूर्खपणा आणि गुन्हाही.

धम्म काय सांगतो?

बौद्धाच्या घरात बंदूक कशाला, असे कोणी विचारील. भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. परंतु पहारा हा व्यापार नव्हे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांतला फरक स्पष्ट केला आहे. रक्षण करणाऱ्याच्या मनात इच्छा नसते, कर्तव्य असते. आणि तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता.

निगा राखलेली बंदूक बहुतेक वेळा एकही गोळी न झाडता जन्म काढते. पहारेकऱ्याची तीच खरी कमाई. आज संध्याकाळी कामावरून आल्यावर जवानाने नळी पाहावी आणि घरधनिणीने कुलूप पाहावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम!