बोट पडलं तेच वचन?

नोकरी, स्थळ, फ्लॅट, व्हिसा. प्रश्न कुठलाही असो, अनेकांचा उपाय एकच: प्रार्थना करायची, डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन प्रभूचं उत्तर समजायचं. वर पाळकांनी चार प्रश्न विचारलेच, तर "तुमचा विश्वास कमी पडतो" हे ऐकवायचं!

अहो, हे कौल लावणं झालं. चर्चनं हा प्रकार फार पूर्वीच अमान्य केला. फ्रान्समधल्या आग्द इथल्या धर्मसभेनं 506 सालीच ठरवलं, की शास्त्र उघडून भविष्य पाहणारा, मग तो धर्मगुरू का असेना, मंडळीबाहेर. यावर हमखास संत ऑगस्टीनचा दाखला येतो. 386 साली मिलानच्या बागेत त्यानं पौलाची पत्रं उघडली आणि त्याचं आयुष्य पालटलं, हे खरंच. पण त्याआधी कित्येक वर्षं त्याची स्वतःशी झुंज चालली होती. शिवाय संसारी कामांसाठी शुभवर्तमानाची पानं उलटून कौल घेणं आपल्याला आवडत नाही, असं त्यानंच पुढे जानुआरियसला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय.

व्हिसावाल्यांचं लाडकं वचन यिर्मया 29:11, हिताच्या संकल्पांचं. ते बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. वरचीच ओळ वाचा: सत्तर वर्षं थांबा! तोवर तिथंच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा.

मग निर्णय घ्यायचा कसा? 1521 मध्ये पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोलानं स्वतःच्या मनावरच नजर ठेवली. शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, मागून मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याच्या विचारातला आनंद मात्र टिकायचा. पुढे त्यानं रीत घालून दिली: दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे मांडा, अनोळखी माणसाला काय सल्ला दिला असता ते पाहा, आणि मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नका. म्हणजे अक्कल गहाण टाकायची नाहीच.

खुणा मागणारे बायबलातल्या गिदोनाचा दाखला देतात: त्यानं लोकर ठेवून खूण मागितली. पण काय करायचं ते देवानं त्याला आधीच सांगितलं होतं, खूण मागितली ती धीर होईना म्हणून.

चिठ्ठ्या टाकणारे प्रेषित मत्थियाचं नाव घेतात. त्याची निवड चिठ्ठ्यांनी झाली खरी, पण त्याआधी दोन लायक माणसं पारखून उभी केली होती.

"मनाला शांती वाटते" एवढ्यावरही जाऊ नका. देवापासून पळून निघालेला योना जहाजात गाढ झोपला होता, आणि गेथशेमाने बागेत येशूचा जीव कासावीस झाला होता.

आणि "दार आपोआप उघडलं, म्हणजे देवाचीच इच्छा"? योनालाही याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारं जहाज अगदी तयार मिळालं होतं.