आणि मी क्लबची सेक्रेटरी झाले!

मैत्रिणींनो, मला साधं पोहताही येत नाही, हे आधीच कबूल करते. तरी दोन वर्षं झाली, आमच्या खाडीकाठच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबची मी सेक्रेटरी आहे. हसलात ना? आमचे हेही हसले होते!

आधीचे सेक्रेटरी मुलाकडे परगावी राहायला गेले. सभेत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. मी आपली लेकाला न्यायला दारात उभी. "बाई हिशेब चोख ठेवतात," असं कुणीतरी म्हणालं आणि किल्ल्या माझ्या पदरात पडल्या.

हिशेबाचं काही नाही हो, भिशी सांभाळणाऱ्या कुणालाही तो जमेल. धाकधूक होती ती मुलांची. आठ-दहा वर्षांची पोरं 'ऑप्टिमिस्ट' होडीत एकेकटी जातात. क्लार्क मिल्स या अमेरिकन गृहस्थांनी १९४७ साली मुलांसाठीच आखलेली ही जेमतेम साडेसात फुटी, एका शिडाची होडी. उलटली तरी ती तरंगते. म्हणून पहिला धडा हाच, की होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही, तिलाच धरून राहायचं. लाइफ जॅकेट तर हवंच, तेही बंद आवळून.

शाळेत मी खारे वारे नि मतलई वारे शिकवते, त्यामुळे दुपारचा वारा समुद्राकडून येणार हे ठाऊक होतं. ओहोटीचं पाणी मात्र समुद्राकडे ओढतं. वारा पडला, की होडी चालली खाडीच्या मुखाकडे! भरतीची वेळ काढायची युक्ती मला मासळीवाल्या मावशींनी सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. गावोगाव थोडा फरक पडतो, तो विचारून घ्यावा. तेव्हापासून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघूनच मी रविवारची वेळ ठरवते.

एका रविवारी नेमकी पौर्णिमा आली. चार वाजता, भर ओहोटीत, एक जुने सभासद नातवाला घेऊन हजर. "वारा किती छान आहे! तुम्हाला यातलं काय कळतं?" खरं सांगते, हात थरथरत होते, पण किल्ल्या पर्समधून काढल्या नाहीत. ते तणतणत गेले. पुढे सहा महिने वर्गणी नाही! आमचे चिरंजीवही रात्री माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी खाडीत काहीच घडलं नाही, त्यामुळे माझं बरोबर होतं हे कुणाला दाखवताही आलं नाही.

आता दाराशी एक वही ठेवलीय. जाताना सही, आल्यावर सही. सह्या जुळेपर्यंत मी घरी जात नाही, मग कुकर लावायला उशीर का होईना. ते आजोबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. नातू मात्र आल्या आल्या वहीकडे धावतो.