गुळाचा खडा आणि कोळशाची धूळ

कोळशाच्या धुळीत दिवसभर राबलेल्या माणसाने पाळी सुटल्यावर गुळाचा खडा चघळला की छातीत गेलेली धूळ निघून जाते, ही समजूत उत्तर भारतात आणि विदर्भातही इतकी मुरली आहे की, मजुरांना गूळ वाटला म्हणजे त्यांच्या आरोग्याची सोय झाली असे मानणारे मुकादम आणि त्यावर समाधान मानणारे मजूर दोन्ही आढळतात. वाराणसीच्या रामनगरहून मुगलसरायच्या दिशेने गेल्यास थोड्याच अंतरावर चंदौली जिल्ह्यातील चंदासीची मोठी कोळसा मंडी लागते. दक्षिणेस सोनभद्र जिल्ह्यात नॉर्दर्न कोलफील्ड्सच्या बिना, काकरी, खडिया या खुल्या खाणी आहेत. आणि महाराष्ट्रात चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या भागांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. मुलूख बदलला तरी गुळावरची श्रद्धा बदलत नाही, आणि शिकलीसवरलेली माणसेही ती बिनदिक्कत पुढे पाठवत असल्यामुळे तिचा परामर्श सविस्तर घेणे भाग आहे.

पहिली अडचण शरीररचनेचीच आहे. गिळलेला गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो आणि श्वासाबरोबर आत गेलेली धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. घशाखाली हे दोन मार्ग वेगळे होतात आणि पुढे कोठेही एकत्र येत नाहीत, त्यामुळे गूळ धुळीला चिकटून तिला खाली ओढून नेतो हे वर्णन मुळातच अशक्य आहे. गूळ खाल्ल्यावर घसा मोकळा वाटतो हे खरे आहे, कारण गोड पदार्थाने लाळ सुटते आणि घशात अडकलेली जाड धूळ गिळली किंवा थुंकली जाते. परंतु या जाड धुळीचा बंदोबस्त नाक आणि मोठ्या श्वासनलिका यांतील चिकट श्लेष्मा व त्याला वर ढकलणारी सूक्ष्म रोमके एरवीही करतातच. घातक ठरते ती श्वसनीय धूळ, म्हणजे साधारणपणे ५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि एवढे बारीक कण नाकाघशाला चकवून थेट वायुकोशांत, म्हणजे जेथे प्राणवायू रक्तात मिसळतो त्या सूक्ष्म पिशव्यांत, पोहोचतात.

वायुकोशांत रोमके नसतात. तेथे आलेला कण भक्षक पेशी गिळतात, पण कोळशाचा कण त्यांना पचवता येत नाही, आणि वालुकाश्मात विपुल असलेल्या स्फटिकरूप सिलिकाचा कण तर गिळणाऱ्या पेशीलाच मारतो. मेलेल्या पेशीतून दाह निर्माण करणारी द्रव्ये बाहेर पडतात, तो कण दुसरी पेशी गिळते आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहून फुप्फुसाच्या लवचिक ऊतीच्या जागी जखमेच्या वणासारखी कठीण, तंतुमय ऊती तयार होते. या विकाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. कारण मुख्यतः सिलिका असेल तर त्यालाच सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा १० किंवा अधिक वर्षांच्या धुळीनंतर क्ष-किरण चित्रात दिसू लागतो, आणि एकदा तयार झालेली तंतुमय ऊती कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. जे औषधाने साधत नाही ते वाण्याच्या दुकानातल्या ढेपेने साधेल असे मानण्यासाठी पुरावाही तितकाच भक्कम हवा.

तसा पुरावा आहे असे सांगणारे लोक नेहमी एका अभ्यासाचा हवाला देतात, आणि तो अभ्यास खरोखरच झालेला आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील साहू आणि सक्सेना यांनी १९९४ साली ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यात पांढऱ्या उंदरांच्या श्वासनलिकेत कोळशाची किंवा सिलिकाची धूळ एकदाच सोडण्यात आली आणि नंतर ९० दिवसांच्या काळात त्यांना रोज अर्धा ग्रॅम गूळ, आठवड्यातून ५ दिवस, देण्यात आला. गूळ मिळालेल्या उंदरांत कोळशाचे कण फुप्फुसातून जवळच्या लसिका ग्रंथींकडे अधिक प्रमाणात सरकलेले दिसले आणि फुप्फुसावरील विकृती काहीशा सौम्य आढळल्या. हा निष्कर्ष कुतूहलाचा आहे, पण त्याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. लसिका ग्रंथी शरीराच्या आतच असतात, म्हणजे धूळ ‘निघून’ गेलेली नव्हती. उंदरांना धूळ एकदाच मिळाली होती, तर खाणकामगाराला ती २५-३० वर्षे रोज मिळते. आणि उंदराचे वजन २०० ग्रॅम धरून साधे त्रैराशिक मांडले तर ६० किलोच्या माणसाला रोज १५० ग्रॅम गूळ खावा लागेल, जो त्याच्या फुप्फुसाचे काय करील ते माहीत नसले तरी मधुमेहाचे काय करील ते सहज सांगता येते. उंदरांवरील एका प्रयोगातून माणसांसाठी संरक्षणाचे साधन सिद्ध होत नाही, आणि खाण सुरक्षेच्या कोणत्याही नियमावलीत गुळाला धूळप्रतिबंधक उपाय म्हणून स्थान नाही.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण असे की गुळाची समजूत वाटते तितकी निरुपद्रवी नाही. ती धुळीचा प्रश्न हवेतून उचलून कामगाराच्या पोटात नेऊन ठेवते, म्हणजे आजारी पडलेल्याने गूळ खाल्ला नसेल, असा निष्कर्ष काढायला सर्वजण मोकळे होतात. कायद्याची मांडणी नेमकी याच्या उलट आहे. धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती दाबणे ही खाणमालकाची व व्यवस्थापकाची जबाबदारी आहे, आणि ती पार पडली की नाही हे मिलिग्रॅममध्ये मोजून ठरते.

हे मोजमाप कसे होते ते पाहण्यासारखे आहे. कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतरावर, एक शंकूसारखे साधन लावतात. ते जाड कण बाजूला टाकते आणि श्वसनीय कण आधी वजन केलेल्या गाळणीच्या चकतीवर बसू देते. पंप मिनिटाला सुमारे २ लिटर हवा ओढतो, म्हणजे ८ तासांच्या पाळीत जवळजवळ १ घनमीटर, त्यामुळे पाळीअखेर चकतीचे वजन जितके मिलिग्रॅम वाढते तितकीच ढोबळमानाने हवेतील धूळ. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत सुधारणेने आलेली मर्यादा अशी होती की सिलिका ५ टक्क्यांहून कमी असेल तर ८ तासांची सरासरी घनमीटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, आणि सिलिका अधिक असेल तर १५ या आकड्याला तिच्या टक्केवारीने भागावे; १० टक्के सिलिकेला दीड मिलिग्रॅम, १५ टक्क्यांना केवळ १. २०१७ च्या नियमावलीने तिची जागा घेतली तरी सिलिका वाढेल तशी मर्यादा खाली येते हे तत्त्व कायम आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म पसरलेला असल्यामुळे कोळशापर्यंत पोहोचण्याआधी तोच फोडावा लागतो, म्हणून तेथील वेधनयंत्रावरील कामगाराची धूळ रंगाने फिकी असली तरी काळ्या धुळीपेक्षा अधिक धोक्याची असू शकते, आणि म्हणूनच खडकात भोक पाडताना पाण्याचा फवारा किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र वापरणे आवश्यक ठरते.

उरलेल्या समजुतींना इतकी जागा देण्याचे कारण नाही.

गैरसमज : खुल्या खाणीत मोकळी हवा असते, तेथे धोका नाही.
वस्तुस्थिती : वेधन, सुरुंग, कोळसा भरणे आणि डंपरची ये-जा यांमुळे खुल्या खाणीतही श्वसनीय धूळ भरपूर उडते, यंत्राची बंद, वातानुकूलित केबिन ही म्हणूनच चैन ठरत नाही.

गैरसमज : रस्त्यावर टँकरने पाणी मारले की काम झाले.
वस्तुस्थिती : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते पाणी पाहता पाहता वाळते, फवारणी सतत हवी, आणि कोळसा पट्ट्यावरून पट्ट्यावर पडतो त्या प्रत्येक ठिकाणी हवी.

गैरसमज : तोंडाला गमछा किंवा फडके बांधणे पुरेसे आहे.
वस्तुस्थिती : कापडाची वीण श्वसनीय कणांना अडवण्याइतकी दाट नसते, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टीसारखा प्रमाणित श्वसनरक्षक उपयोगी पडतो, पण त्याचाही क्रम धूळ दाबणे व वायुवीजन यांच्यानंतरचा आहे.

गैरसमज : खोकला आणि धाप म्हणजे टीबीच.
वस्तुस्थिती : सिलिकोसिस टीबी समजला जातो आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोकाही अधिक असतो, म्हणून डॉक्टरांना कामाचा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे.

गैरसमज : निवृत्तीनंतर आजार थांबतो.
वस्तुस्थिती : साचलेली धूळ आतच राहते आणि विकार पुढेही वाढू शकतो.

गैरसमज : हा आजार प्रगत देशांतून कधीच गेला.
वस्तुस्थिती : अमेरिकेच्या मध्य अॅपलेशियन भागात २५ वर्षांहून अधिक काम केलेल्या दर पाच खाणकामगारांपैकी सुमारे एकाला तो असल्याचे तेथील संशोधकांनी २०१८ साली नोंदवले, पातळ थरांमुळे कोळशाबरोबर खडकही अधिक कापला जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

शेवटचा गैरसमज खाणीबाहेरचा आहे : कोळशाचे नियम कोळसा असेल तेथे लागू होतात. ते खाणीला लागू होतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे एक कार्यालय वाराणसीत आहे, परंतु चंदासीत ट्रकमधून कोळसा उतरवणारा व चाळणारा मजूर त्याच्या कक्षेत येत नाही, कारण मंडी ही खाण नव्हे. धूळ तीच असूनही तिचे माप घेण्याचे बंधन तेथे नाही, आणि गुळाची भिस्त सर्वाधिक वाढते ती अशाच ठिकाणी.

खाणीतील कामगाराला मात्र मागण्यासारखे बरेच काही आहे. नियमावलीनुसार धुळीचे मोजमाप किमान ६ महिन्यांनी व्हावे लागते, आणि प्रमाण मर्यादेच्या निम्म्यावर गेले तर ३ महिन्यांनी, पाऊणपटीवर गेले तर महिन्याने. १९५५ च्या खाण नियमांनुसार ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. १९५२ च्या खाण कायद्याने न्यूमोकोनिओसिस हा कळवण्यास बंधनकारक असा रोग ठरवला, आणि कामामुळे अपात्र ठरलेल्याला पर्यायी काम किंवा भत्ता देण्याची तरतूद केली. १९२३ च्या भरपाई कायद्यातही त्याचा व्यावसायिक रोग म्हणून समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी जुन्या कायद्यांची जागा घेतली असली तरी धूळ मोजण्याची आणि कामगार तपासण्याची गरज त्यामुळे तसूभरही कमी झालेली नाही. खाणीच्या सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी पुढच्या बैठकीत गूळवाटपाचा हिशेब न मागता आपल्या विभागातील धुळीचा शेवटचा आकडा, तो घेतल्याची तारीख आणि त्या धुळीतील सिलिकेची टक्केवारी या तीन गोष्टी लेखी मागाव्यात.